नऊ महिने ग्लुकोमीटर आणि आमच्या घरचा भात

गेल्या नोव्हेंबरात चष्म्याचा नंबर महिन्यात दोनदा बदलला. चष्मेवाल्यानंच सांगितलं, ‘ताई, नवीन काच घालायच्या आधी एकदा शुगर बघून घ्या.’ बघितली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २६२, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.६. साडेसहाच्या पुढं गेलं की मधुमेह धरतात, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. वय ४७, वजन ७१ किलो, खानापूरच्या शाळेत कारकुनी, घर बेळगावात, अनगोळला. मेटफॉर्मिन ५०० ही मधुमेहाची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली आणि हातात आहाराचा एक झेरॉक्स कागद पडला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ब्राउन ब्रेड असं सगळं होतं. भाकरी, आमटी, भात यांचं नावही नव्हतं. तो कागद आमच्यासारख्यांसाठी छापलेलाच नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, ‘साखर बंद कर, गूळ खा. गुळानं काय होतंय व्हय?’ शेजारच्या काकूंनी नाचणीची आंबील सांगितली, शाळेतल्या बाईंनी रोज कारल्याचा रस. सगळ्यांचं ऐकून मी आठ दिवसांत इतकी वैतागले की सरळ मेडिकलमध्ये जाऊन ग्लुकोमीटर, म्हणजे घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन, आणला. त्या मशीनचा नऊ महिन्यांचा अनुभव इथं लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण मशीन सगळी साधारण सारखीच. खर्च असतो तो रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांचा, दर वेळी नवी लागते. मशीन पंचवीस पट्ट्यांसकट नऊशेला मिळालं, नंतर एकेक पट्टी वीस रुपयांच्या आसपास पडत गेली. घेताना आधी पट्टीचा भाव विचारा आणि ती आपल्या गल्लीत मिळते का ते बघा. मला एका दुकानात महिन्याभरात मुदत संपणारी डबी चिकटवली होती, ते घरी आल्यावर कळलं. डबी उघडल्यावर पट्ट्या किती महिने चालतात तेही डबीवर लिहिलेलं असतं. झाकण घट्ट लावायचं, आमच्याकडच्या जूनमधल्या पावसात तर जास्तच.

पहिले दोन महिने मी एकच काम केलं. एक पदार्थ धरायचा, जेवायच्या आधी मोजायचं, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजायचं, वहीत लिहायचं. सुरुवात अर्थातच भातापासून. आमचं थोडं शेत येळ्ळूरच्या शिवारात आहे, घरात त्याच बासमतीचा भात. शिजायला लागला की गल्लीत वास जातो. तो सोडायचा म्हणजे घरातलं माणूस सोडण्यासारखं. नेहमीसारखा दोन मुदी भात आणि आमटी : २३१. दुसऱ्या दिवशी भात बंद, दोन भाकऱ्या, भाजी, आमटी : २१२. इथं मी चाट पडले. जोंधळ्याच्या भाकरीला आम्ही औषधासारखं मानत होतो, पण आमच्याकडची भाकरी ताटभर असते, आणि पीठ ते पीठच. एकच भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर मटकीची उसळ आणि दही घेतलं तेव्हा १५८ आलं.

मग भाताकडं परत आले. आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, भात शेवटी, तोही एकच मूद : १६४. तोच भात, तीच आमटी! डॉक्टरांना वही दाखवली तर ते म्हणाले, भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की साखर रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतर गल्लीतून वीस मिनिटं फिरून आलं की आणखी दहा-पंधरा कमी. चालताना पायाचे स्नायू साखर ओढून घेतात म्हणे. वॅक्सिन डेपोवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी रागावू नये, पण मला तरी रात्री जेवून घातलेल्या दोन चकरांचा उपयोग जास्त झाला.

गुळाचा निकालही वहीतच लागला. चहात एक चमचा साखर आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच गूळ, आकड्यात फरक पाच-सहाचा. सासूबाईंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाल्या, ‘गूळ चांगला नसंल हा.’ आंबिलीनं मात्र माझीही निराशा केली. नाचणीची भाकरी चालत होती, पण बारीक पिठाची पातळ आंबील प्यायले तर १९८. धान्य चांगलं असलं तरी दळून-शिजवून इतकं मऊ केल्यावर पोटाला काही काम उरत नाही. कारल्याच्या रसाचं म्हणाल तर पंधरा दिवस प्याले, आकडे जागचे हलले नाहीत, तोंड मात्र वाकडं झालं.

सगळ्यात मोठा धडा उपवासानं दिला. महाशिवरात्रीला आमच्याकडं रताळ्याचा मान. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी ट्रक भरून उत्तरेकडं जातात, मग घरात का नसावीत. उकडलेली रताळी, साबुदाण्याची खिचडी, वरी, वर केळं : २४७. नऊ महिन्यांतला जेवणानंतरचा हा सगळ्यात मोठा खरा आकडा, आणि तो उपवासाच्या दिवशीचा! आषाढी एकादशीला मी एक लहान रताळं, ताक आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर भागवलं. गोळ्या चालू असताना उपवास करायचा तर डॉक्टरांना आधी विचारा. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत त्यांची ७० च्या खाली जाऊ शकते, त्यांनी माझ्या वहीवर जाऊ नये.

‘खरा आकडा’ म्हटलं, कारण एक खोटाही आला होता. मे महिन्यात आमरसासाठी आंबे चिरत होते, मध्येच आठवलं म्हणून हात फडक्याला पुसून बोट टोचलं. ३१२. मला घाम फुटला, ह्यांनी गाडी बाहेर काढली. निघता निघता हात साबणानं धुऊन पुन्हा बघितलं तर १७१. बोटावरचा आंब्याचा रस मोजला गेला होता. तेव्हापासून आधी साबण, मग कोरडा टॉवेल, मग सुई. सुई बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं.

मशीनवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. एका सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी १३२ आली, घरून निघताना मशीनवर १४१ होती. तक्रार करणार होते, पण या मशीनचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्यात शंभराच्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडं-तिकडं चालतं. म्हणजे १४१ आणि १४८ यांत भांडण लावण्यात अर्थ नाही. हे कळायच्या आधी मी दिवसातून सहा-सहा वेळा टोचत होते आणि दहाचा फरक पडला तरी रात्रभर जागत होते. हा या यंत्राचा खरा दुर्गुण. आणखी एक कोडं : रात्री झोपताना १२६, काही न खाता सकाळी १४८. चोरून खाल्लंस काय म्हणून हे चिडवायचे. पहाटे लिव्हर स्वतःच साखर सोडतं, त्यामुळं असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझी सुटका झाली.

बाकी किरकोळ. पहिल्या पंधरवड्यात मेटफॉर्मिननं पोट इतकं बिघडलं की खानापूरची बस मला जन्मठेप वाटायची. गोळी भरल्या पोटी घ्यायला लागल्यावर थांबलं. स्टँडवरच्या चहावाल्याला कानडीत ‘सक्री ब्याड’, साखर नको, म्हटलं तर तो सगळ्यांदेखत ‘अक्का, शुगर ऐतेनु?’, ताई, शुगर आहे काय, म्हणून ओरडला. आता लांबून बघूनच बिनसाखरेचा ठेवतो. कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन येणारे पाहुणे काही थांबत नाहीत. जेवल्यावर लगेच एक चमचा खाते आणि डबा शेजारी देते. चुलतभावाच्या लग्नात मात्र अख्खा मांडा दुधात कुस्करून खाल्ला आणि त्या दिवशी मोजलंच नाही.

ऑगस्टमध्ये एचबीएवनसी ६.७ आली, वजन ६५. गोळ्यांचा वाटा आहेच, त्या मी मनानं कमी केलेल्या नाहीत. आता आठवड्याला दोन-तीन पट्ट्या पुरतात, नवा पदार्थ आला किंवा आजारी पडले तरच जास्त. मशीनला पाचपैकी चार देईन, एक गुण पट्ट्यांच्या भावासाठी कापला.

मागच्या महिन्यात ह्यांनी गंमत म्हणून जेवणानंतर स्वतःचं बोट पुढं केलं. १८८. दुसऱ्या दिवशी हसत हसत लॅबमध्ये गेले, एचबीएवनसी ६.१ घेऊन गप्प परत आले. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, उंबऱ्यावर आहात. तेव्हापासून आमच्या घरात भाताची मूद दोन्ही ताटांत एकच पडते आणि पट्ट्यांची डबी लवकर संपते. मशीन दोघांत एक, टोचायचं पेन आणि सुया मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या.