कुडा-क्यू: सोलापुरात घरी बसून सहा महिने वापरलं, त्याबद्दल

क्वांटम कॉम्प्युटर आणि सुपरकॉम्प्युटर जोडून चालवायचं सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना वाटतं हे पुण्यात सीडॅकमध्ये नाहीतर परदेशात जाऊनच करायचं काम आहे. मी गेले सहा महिने एनव्हिडियाचं कुडा-क्यू इथंच घरी वापरतोय, पीसीत १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे एवढंच, आणि मला ते लई आवडलंय म्हणून लिहितोय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

क्वांटम मशीनला शेजारी नेहमीचा कॉम्प्युटर लागतोच, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. मी पहिल्यांदा हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा काढली, त्याला ४ क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) पुरतात. क्वांटम भाग (घरी त्याची नक्कल आपलाच पीसी करतो) ऊर्जा मोजून देतो, सीपीयू ते बघून गेटचा, म्हणजे क्युबिटवर करायच्या क्रियेचा, अँगल जरासा बदलतो, परत मोजायला पाठवतो, परत बदलतो, असं करत करत आकडा खाली उतरतो आणि उणे १.१३७ हार्ट्रीच्या (हे रेणूंच्या ऊर्जेचं एकक) आसपास थांबतो. तो थांबला तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला, मी बायकोला उठवून दाखवला. ही सगळी ये-जा एका पायथन फाईलमध्ये बसते, सीप्लसप्लसमध्येपण लिहिता येतं.

खरी मजा टार्गेटमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठल्या मशीनवर चालवायचा ते सांगण्यात आहे. प्रोग्राम तोच ठेवायचा, टार्गेटची एक ओळ बदलायची, की तो सीपीयूवर चालतो, जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर) चालतो, नाहीतर आयनक्यू, क्वांटिनम, आयक्यूएम या कंपन्यांच्या खऱ्या क्वांटम मशीनवर जातो. आमच्या घरी चादरीचे जॅकार्ड माग होते, वडिलांना सांगितलं की नक्षीच्या कार्डांची माळ तीच, फक्त माग दुसरा, तर त्यांना एका वाक्यात कळलं. खऱ्या मशीनला अकाउंट आणि पैसे लागतात, पण काही मशीनसाठी एम्युलेट (म्हणजे त्या मशीनची नक्कल) चालू करून तेच काम आधी आपल्याच पीसीवर तपासता येतं, पैसे घालायच्या आधी हे कराच.

आता मर्यादा. ३० क्युबिटचं सिम्युलेशन (पीसीवरची नक्कल) म्हणजे १०७ कोटींच्या वर आकडे, साध्या प्रिसिजनला (कमी दशांशांच्या अचूकतेला) प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८ जीबी. माझ्या कार्डात बसतं. ३१ ला १६ जीबी लागते, तिथं माझं संपलं. एक क्युबिट वाढला की मेमरी डबल, ४० ला ८ हजार जीबीच्या वर जाते, म्हणून तर अनेक कार्डांची मेमरी एकत्र करायची सोय यात दिलीय आणि म्हणूनच सुपरकॉम्प्युटरवाले हे वापरतात. काम छोटं पण खूप वेळा करायचं असेल तर उलटं, प्रत्येक कार्ड वेगळं क्वांटम मशीन समजून कामं वाटूनपण देता येतात. माझ्याकडं एकच कार्ड असल्यानं हे मला अजून करून बघता आलं नाही, आणि ते मला खरंच करायचंय.

नवीन माणसाचं अडतं ते कर्नलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या क्वांटम भागात. कर्नल म्हणून लिहिलेलं फंक्शन दिसतं पायथनसारखं पण पायथन ते चालवत नाही, ते वेगळं कंपाइल होतं, त्यामुळं पायथनमधलं सगळं आत चालत नाही. डेटाची जुळवाजुळव बाहेर करा, आत फक्त क्युबिट आणि गेट ठेवा. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या, थेट विंडोजवर चालत नाही.

आणि आपल्या सोलापूरसाठी खास, एप्रिल-मेमध्ये दुपारी मोठे रन लावू नका. खोलीच तापलेली असते, कार्ड किती थंड राहणार, मी पहाटे चारला लावायचो. ग्राफिक्स कार्ड नसेल तरी थांबू नका, ते ४ क्युबिटचं हायड्रोजन साध्या लॅपटॉपच्या सीपीयूवरपण होतं.