भाड्यानं दिलेला कॅमेरा परत आला नाही. गिअर रेंटवर देणाऱ्यांनी वाचाच

माझा ५,९३,००० रुपयांचा माल एका माणसानं गोड बोलून नेला, आणि तो शोधणं ज्यांचं काम आहे त्यांनी मला या दारातून त्या दारात टोलवलं. संताप अजून उतरलेला नाही. भाषा तिखट वाटली तर वाटू दे, पण फोटोग्राफीवर पोट असणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

आधी हिशोब. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याची बॉडी २,१८,०००. २४-७० एफ २.८ लेन्स १,६४,५००. ७०-२०० एफ २.८ लेन्स १,७९,०००. बॅटऱ्या, चार्जर, कार्डं, बॅग मिळून ३१,५००. त्याच्याकडून आले १३,५०० भाड्याचे आणि २०,००० डिपॉझिटचे, तेही रोख. म्हणजे ५,५९,५०० चा खड्डा. बॉडीचा १४,८७० चा हप्ता अजून दर महिन्याला खात्यातून जातोच आहे.

"इतकं महागडं गिअर दिलंसच कशाला?" असं विचारणारे भरपूर भेटले. त्यांना सांगतो, शूट नसतात त्या महिन्यांतही स्टुडिओचं भाडं आणि हप्ते थांबत नाहीत. कपाटात पडून असलेल्या लेन्सनं चार पैसे कमवावेत, यात हाव कसली? या धंद्यात आपण सगळेच एकमेकांना गिअर देतो-घेतो. मी नवीन होतो तेव्हा भाड्याच्या लेन्सवरच कामं केली. आणि मी काही डोळे मिटून दिलं नाही. आधारची प्रत घेतली, पॅन घेतलं, त्याचं इन्स्टाग्राम पाहिलं. पहिल्या वेळी त्यानं एकच लेन्स नेली आणि ठरलेल्या वेळेच्या आधी आणून दिली. पहिला व्यवहार चोख आणि दुसरा मोठा, ही पद्धत आपल्याला ऐकून माहीत असते. पण समोरचा पोरगा "दादा, तुमचं काम मी कधीपासून बघतोय" म्हणत बसलेला असतो, तेव्हा ती डोक्यात येत नाही.

आता तो क्षण, जो मला आजही झोपू देत नाही.

दुसऱ्या वेळी तो आला, टेबलावर सगळं मांडलं होतं. भाड्यानं गिअर नेणारा खरा फोटोग्राफर आधी काय करतो? लेन्स उजेडाकडे धरून काचेवर ओरखडा, बुरशी आहे का बघतो. बॉडी सुरू करून चार फ्रेम मारतो, फोकस नीट बसतोय का तपासतो, सेन्सरवर धूळ आहे का बघतो. आधीच्या खराबीचं बिल आपल्या माथी नको, म्हणून तो कटकट करतोच. या माणसानं लेन्सचं झाकणसुद्धा उघडलं नाही. बॉडी हातात घेतली, उलटी केली, खालचा सिरीयल नंबर वाचला आणि म्हणाला, "दादा, याचे बॉक्स असतील ना? बिलाची झेरॉक्स पण द्या. विमानानं जायचंय, एअरपोर्टवर विचारतात."

प्रवासात बिलाची प्रत बरोबर ठेवणारे असतात, म्हणून मला ते पटलं. पण बॉक्स? शूटला जाणाऱ्याला बॉक्सची अडचणच होते, त्याला पॅडिंगची बॅग लागते. बॉक्स लागतो तो विकणाऱ्याला, कारण बॉक्स आणि बिल असलं की जुन्या बाजारात कुणी प्रश्न विचारत नाही. मी ते बॉक्स माळ्यावरून काढले, फडक्यानं पुसले आणि त्याच्या हातात दिले. कुणीही बॉक्स मागितला की तिथल्या तिथे व्यवहार थांबवा. कारण ऐकूनही घेऊ नका.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. शूट लांबलं, मग नेटवर्क नव्हतं, मग नंबर बंद. आधार निघालं दुसऱ्याच कुणाचं, वर फोटो याचा चिकटवलेला. आधारवरचा क्यूआर कोड अधिकृत ॲपनं स्कॅन केला की मूळ नोंदीतला तपशील समोर येतो. मूळ कार्ड मागा आणि समोर स्कॅन करा, नुसत्या झेरॉक्सला काडीची किंमत नाही. डिपॉझिटही रोख घेऊ नका. बँकेतून आलं तर निदान खात्याचं नाव हातात राहतं.

मग पोलीस ठाणं. अंमलदारांचा पहिलाच प्रश्न, "तुम्हीच दिलात ना स्वतःच्या हातानं? मग चोरी कशी? हा देण्याघेण्याचा विषय, कोर्टात जा." अहो, विश्वासानं सोपवलेली वस्तू हडपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे. फसवून वस्तू काढून घेणं कलम ३१८(४) खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी कॅमेरा धरणाऱ्यानं त्यांना सांगायचं? त्यानंतर "बुकिंग व्हॉट्सॲपवर झालं, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "वस्तू समोरासमोर दिली, यात सायबर काय? ठाण्यात जा." परत ठाण्यात गेलो, तर म्हणे स्टुडिओ आमच्या हद्दीत येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट सांगतं की दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर नोंदवणं बंधनकारक ठरवलं. तरी माझ्या हातात पडला तो अर्जाच्या प्रतीवरचा गोल शिक्का. तो घेऊन समाधानानं घरी येऊ नका. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे.

कलम १७३(४) चा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवली, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. पण तोवर माल कुठल्या कुठे गेला असणार. सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे असतात आणि तेच यांनी हद्द मोजण्यात घालवले. आता तपास अधिकारी मलाच विचारतात, "काही कळलं का तुम्हाला?" स्टुडिओबाहेरच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मी पहिल्या भेटीतच देतो म्हणालो होतो. ते घ्यायला कुणी आलं नाही आणि दरम्यान ते पुसलं गेलं. याचा जाब कुणाला विचारायचा?

विमा कंपनीनं वर्षाला ८,२६० चा हप्ता घेतला होता. दावा नाकारला, कारण पॉलिसीत चोरी म्हणजे कुलूप फोडून झालेली चोरी, आणि मालकानं स्वतःहून ताब्यात दिलेली वस्तू त्यात बसत नाही. तुमची पॉलिसी आज काढा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. एजंट ते वाचून दाखवत नाही.

मोबाईल गेला तर २०२३ पासून देशभर सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून तो बंद पाडता येतो. लाखांच्या कॅमेऱ्यासाठी असली काहीही सोय नाही. म्हणून सिरीयल नंबर स्वतः जपा. बॉडीचा, प्रत्येक लेन्सचा, फोटोसकट. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो प्रत्येक फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत) उतरतो, त्यामुळे जुन्या रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ) फाइल्स उडवू नका, मालकीचा पुरावा म्हणून त्या कामी येतात. आणि भाडेकरार करा, त्यात हे नंबर लिहा, सही समोर घ्या. "ओळखीचाच आहे" म्हणून सोडू नका.

जुनं गिअर घेणाऱ्यांनाही सांगतो. बॉक्स आहे, बिल आहे, पण बिलावरचं नाव विकणाऱ्याचं नाही आणि भाव बाजाराच्या निम्मा आहे, तर हात लावू नका. बिलावरच्या माणसाला फोन करा, तो मीही असू शकतो. न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार फसवणुकीनं आणि विश्वासघातानं गेलेला मालही चोरीचाच धरला जातो, आणि माहीत असून तो घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.