एसीएलएसचा कोर्स आधी, की कॅज्युअल्टीतील जादा रात्री?

इंदूरमध्ये एमबीबीएस करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे इंटर्नशिपच्या तोंडावर हा प्रश्न हमखास उभा राहतो. हाताशी असलेले पैसे आणि सुटी एसीएलएसच्या (हृदय बंद पडणे आणि तशा तातडीच्या प्रसंगी द्यायच्या प्रगत उपचारांच्या) दोन दिवसांच्या कोर्ससाठी वापरावी, की वरिष्ठांची परवानगी घेऊन कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, काही जादा रात्रपाळ्या कराव्यात? कॅज्युअल्टीची सक्तीची पोस्टिंग अवघ्या दोन आठवड्यांची असल्याने तिच्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते. मी दोन्ही करून पाहिले आहे.

कोर्सची शिस्त निर्विवाद आहे. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोली आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे पुतळ्यावर जितके घोटून घेतले जाते तितके खऱ्या खाटेशी, चौघे एकाच वेळी ओरडत असताना, कोणीही घोटून घेत नाही. प्रमाणपत्र मात्र दोनच वर्षे चालते. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षीच घाई करणाऱ्याचे ते इंटर्नशिपपूर्वीच बाद होते.

मला खटकले ते वेगळेच. कोर्समध्ये प्रत्येक काल्पनिक रुग्णाची माहिती प्रशिक्षक स्वच्छ इंग्रजीत वाचून दाखवतो, रक्तदाब व नाडी सांगतो, आणि मग आपण उपचारक्रमाच्या आकृतीतल्या पायऱ्या चढू लागतो. कॅज्युअल्टीत मात्र आसपासच्या गावातून आलेला मधुमेही शेतकरी ‘गॅस चढ़ गई है’ एवढेच सांगतो, सोबतचे पाच नातेवाईक पाच हकिगती सांगतात, आणि त्या गोंधळात ईसीजी दहा मिनिटांच्या आत काढायचा असतो. कधी त्यात लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी उचललेला, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याची खूण, दिसतो, कधी खरोखर गॅसच असतो. रांगेतल्या कोणाला आधी उचलायचे, हे पुतळा शिकवत नाही. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांनाही माळवी (या भागातल्या बोलीच्या) वळणाचे बोलणे सुरुवातीला डोक्यावरून जाते, हे जाता जाता नोंदवतो.

कॅज्युअल्टीत स्ट्रेचर ढकलणे, एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या) नोंदी आणि रक्ताचे नमुने पोहोचवणे यात पुष्कळ वेळ जातो, हे मान्य. शिवाय शिकवणारा वरिष्ठ कसा भेटतो यावर बरेच अवलंबून असल्याने माझे मत सर्वांना लागू पडेलच असे नाही. तरीही, एकच निवडायचे असेल तर बीएलएस (जीव वाचवण्याचा प्राथमिक कोर्स) उरकून रात्रपाळ्या घ्याव्यात, असे मी सुचवेन; एसीएलएस इंटर्नशिप संपताना, नोकरीच्या अर्जाला लागेल तेव्हा केले तरी बहुधा चालते.