२ टीबीच्या डबीत ३२ जीबी

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मी आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि मोबाइलवर त्यांच्या ४० चित्रफिती केल्या. त्या ओव्यांत आमचा नाला होता, पऱ्हाटी होती, गावातली गेलेली माणसे होती, आणि त्या दुसऱ्या कोणालाच पाठ नव्हत्या. मोबाइलची १२८ जीबी जागा भरत आली, तेव्हा दिवाळीच्या आधी मी २ टीबीचा (म्हणजे सुमारे २,००० जीबीचा) पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची खिशात मावणारी डबी, ऑनलाइन १,४९९ रुपयांना मागवला.

एवढ्या क्षमतेची खरी वस्तू याच्या कितीतरी पट महाग असते, हे मला ठाऊक होते. तरीही मनातली शंका मी ग्राहकांचे अभिप्राय वाचून दूर केली, आणि चूक झाली ती तिथेच. साडेचार तारे होते. "लवकर मिळाला", "पॅकिंग छान", "वजनाला हलका" अशी वाक्ये होती. पुढे तेच अभिप्राय शांतपणे वाचले, तेव्हा दिसले की बहुतेक वस्तू हाती आली त्याच दिवशी लिहिलेले होते आणि काहींमध्ये तर मोबाइलच्या कव्हरची स्तुती होती. चांगले तारे मिळालेल्या जुन्या पानावर विक्रेता वस्तू बदलतो आणि आधीचे अभिप्राय नव्या वस्तूखाली तसेच राहतात. सगळेच अभिप्राय खोटे होते, असे मी म्हणणार नाही. अनेकांनी मनापासून लिहिले असावे, पण ही लबाडी पहिल्या दिवशी प्रामाणिक माणसालाही दिसत नाही.

संगणकाला जोडताच २ टीबी दिसतात, कारण साठवणीचा कारभार पाहणाऱ्या आतल्या कंट्रोलर चिपमध्ये तसा खोटा आकडा भरलेला असतो. खरी जागा संपल्यावरही फाइली घेणे थांबत नाही. यादीत नाव आणि आकार उमटतो, परंतु आतला मजकूर एकतर कुठेच लिहिला जात नाही किंवा आधीच्या फाइलींवर लिहिला जातो. मी आधी शाळेचे फोटो आणि मग ओव्या उतरवल्या, यादीतली ४० नावे मोजली आणि मोबाइलमधून सर्व पुसून टाकले.

पौषात आजी गेली. तेरवीला जमलेल्या आत्या-मावश्यांना ओव्या ऐकवायला बसलो, तर दहाव्या चित्रफितीपासून पुढची एकही उघडली नाही.

यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर डबी उघडली. आत एका छोट्या पट्टीवर गोंदाने चिकटवलेले मेमरी कार्ड होते. "गुरुजी, हे तं बत्तीस जीबीचं कार्ड हाये. पुढचं याच्यात उतरलंच नाही, मग काढू कुठून?" तो म्हणाला.

अशी कोणतीही साठवणीची वस्तू घेतली, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी तिची पूर्ण क्षमता तपासावी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री हे मोफत प्रोग्राम ती काठोकाठ भरून परत वाचून पाहतात. मोठ्या क्षमतेला यात कित्येक तास लागतात आणि आमच्याकडे मध्येच वीज जाते, म्हणून लॅपटॉप चार्ज करूनच बसावे. तपासणी होईपर्यंत मूळ प्रत पुसू नये. अभिप्राय वाचायचेच असतील, तर दोन-तीन महिने वापरून लिहिलेले आणि एक-दोन ताऱ्यांचे आधी वाचावेत.

मुदत संपल्याचे सांगून त्या संकेतस्थळाने हात वर केले, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि काही आठवड्यांनी पैसे परत मिळाले. तसे झाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ३१ चित्रफिती मात्र कोणत्याही आयोगाकडून परत मिळणार नाहीत.

ते पान आता बंद आहे, पण तशीच डबी दुसऱ्या नावाने विक्रीला आहे. विकत घेतल्याशिवाय तिथे अभिप्राय लिहू देत नाहीत, म्हणून हे सविस्तर येथे लिहिले.