सुट्ट्या पैशांची बचत करणारी अ‍ॅप्स: नाशिकच्या रोजच्या खर्चात किती उपयोगी?

किराण्याचं बिल ४७ रुपये झालं की ५० धरायचे आणि वरचे ३ रुपये आपोआप बाजूला टाकायचे, एवढंच या राउंड-अप अ‍ॅप्सचं काम. जारसारख्या अ‍ॅपमध्ये हे पैसे डिजिटल सोन्यात, म्हणजे अ‍ॅपवरूनच थोडंथोडं विकत घ्यायच्या सोन्यात जातात. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही, त्यांच्यासाठी कल्पना खरंच चांगली आहे. अडचण येते ती हिशोब मांडल्यावर.

अशा अ‍ॅपला खर्च कळतो तो सहसा बँकेच्या एसएमएसवरून. एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून १०० रुपयांच्या आतल्या यूपीआय खर्चाचे एसएमएस बंद केले. यूपीआय लाइटवरून (छोट्या रकमा पिनशिवाय देण्याची सोय) पैसे दिले तर प्रत्येक वेळी एसएमएस येत नाहीच. म्हणजे जे बारीकसारीक खर्च पकडायचे, तेच निसटतात. आणि पकडले तरी काय? चहा १०, वडापाव २०, सीबीएसहून शेअर रिक्षाचे ३० अशा रकमांवर वरचं काहीच उरत नाही. सुटा आकडा येतो तो किराण्याला, मेडिकलला, पेट्रोलला. महिन्याला असे ३० व्यवहार आणि प्रत्येकी सरासरी ५ रुपये धरले, तर जमतात १५०.

त्यात सोन्यावर ३ टक्के जीएसटी. १०० रुपये कापले की सोनं मिळतं ९७ रुपयांचं. खरेदी आणि विक्रीच्या दरात ३ टक्के फरक धरला, तर त्याच दिवशी विकल्यावर हातात ९४ येतात. भाव सहा टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत मुद्दलसुद्धा निघत नाही, त्यामुळे दोन-चार महिन्यांत लागणारा पैसा इथे ठेवूच नका. शिवाय शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये इशारा दिला आहे, की डिजिटल सोनं सेबीच्या नियमनाखाली येत नाही.

तरीही वापरायचं असेल तर राउंड-अपपेक्षा रोजची ठरावीक रक्कम लावा. ऑटोपेला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या मंजुरीला, यूपीआय पिन टाकण्याआधी स्क्रीनवरची कमाल रक्कम आणि ‘रोज’ की ‘महिन्याला’ हे नीट वाचा. रोज १० कापायला सांगितलेले असतात आणि मंजुरी त्याहून कितीतरी मोठ्या रकमेची दिलेली असते.

आमची पसंती मात्र पोस्टाच्या आरडीला, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीला. महिना १०० रुपयांपासून, पुढे १० च्या पटीत, पाच वर्षं, सध्या ६.७ टक्के. तीन वर्षांआधी मोडता येत नाही, हा खरं तर तिचा गुणच. मेन रोडवरच्या दुकानदारांना पिग्मी जास्त सोयीची. रोजच्या गल्ल्यातून एजंट येऊन पैसे नेतो. फक्त खातं सहकारी बँकेत आहे की पतसंस्थेत, हे आधी विचारा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. मुदतीआधी पिग्मी बंद केली तर किती कापणार, तेही पासबुक घेतानाच लिहून घ्या.

अ‍ॅप बंद करताना नुसतं फोनमधून काढून टाकलं तर ऑटोपे चालूच राहतं आणि पैसे कापले जात राहतात. आधी फोनपे, गुगल पे किंवा भीममध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा, मग सोनं विकून पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री करा, आणि त्यानंतरच अ‍ॅप काढा.