मालदीवच्या खासगी बेटांवरचा मुक्काम: दोन्ही मोसमांतल्या अनुभवानंतर

मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. उतरलात की जेवण, औषध, समुद्र सगळे त्याच बेटाचे. पसंत पडले नाही म्हणून शेजारी जेवायला जाण्याची सोय नाही. त्यामुळे व्हिलाच्या फोटोंआधी बेटाचा नकाशा बघा.

त्याआधी विमानाची वेळ. दूरच्या बेटांवर नेणारे सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे छोटे विमान, फक्त उजेडात उडते. मालेला दुपारी साडेतीननंतर उतरलात तर बहुधा रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते, आणि बेटावरच्या पहिल्या रात्रीचे भाडे पाण्यात जाते. सकाळचे विमान महाग पडले तरी तेच घ्यावे. सी-प्लेनमध्ये सामान साधारणपणे माणशी 20 किलो आणि हातातले 5. संध्याकाळीच पोहोचणार असाल तर स्पीडबोटीने गाठता येणारे, मालेजवळचे बेट बरे.

दरापुढे ‘++’ दिसले की थांबून हिशेब करा. 10 टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर 17 टक्के पर्यटन जीएसटी. 1000 डॉलरची खोली 1287 ला पडते. वर माणशी रोज 12 डॉलर हरित कर. दोघांच्या चार रात्री म्हणजे 5244 डॉलर, सी-प्लेन वेगळे. हाफ बोर्डात (नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरलेल्या दरात) दुपारचे जेवण नसते, आणि पेयांचे पैसे बहुतेक ठिकाणी निराळे. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर बुकिंगआधीच ईमेलवर लेखी घ्या. माल बोटीने येतो, आयत्या वेळी स्वयंपाकघराचाही नाइलाज होतो.

आता व्हिला बेटाच्या कोणत्या बाजूला घ्यावा ते. मे ते ऑक्टोबर वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्या दिवसांत सूर्यास्ताच्या बाजूच्या, उघड्यावरच्या वॉटर व्हिलात (पाण्यात खांबांवर उभ्या खोलीत) लाटा खांबांवर आपटतात; पलंगाखालून रात्रभर धप्‌ धप्‌ ऐकू येते आणि पाण्यात उतरायच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय ठरत नाही. तेव्हा सूर्योदयाची बाजू घ्यावी. डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येचा, म्हणून गणित उलटे. तरीही पावसाळा टाकाऊ नाही: बा अटॉल या प्रवाळबेटांच्या कड्यातल्या हनिफारू खाडीत मांटा रे (प्रचंड आकाराचे पाकट) येतात ते याच महिन्यांत. तिथे फक्त स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पृष्ठभागावर पोहणे) करता येते, टाकी लावून खोल जाण्याला, म्हणजे स्कुबाला, बंदी आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लगूनच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्याच्या, रंगाने. फोटोतले फिक्कट निळे पाणी म्हणजे खाली नुसती वाळू; त्यात लहान शार्क आणि पाकट दिसतात, पण प्रवाळ जवळपास नसतेच. मासे असतात ते रंग एकदम गडद होतो त्या कडेला. उपग्रह नकाशावर किनाऱ्यापासून त्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. 50 मीटर असेल तर मनात येईल तेव्हा पोहून जाता येते. 500 असेल तर दरवेळी बोट, आणि बोटीचे पैसे. 2016 च्या तापलेल्या समुद्राने अनेक ठिकाणचे प्रवाळ पांढरे पडून मेले, त्यामुळे रिसॉर्टकडे आताचे, पाण्याखालचे फोटो मागा. स्नॉर्केलिंगचा मास्क स्वतःचा न्या: चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास आत ओढल्यावर पट्ट्याशिवाय टिकला, तरच तो तुमच्या मापाचा.