पोटमाळ्यावरचा टर्बो व्हेंटिलेटर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

टर्बो व्हेंटिलेटर म्हणजे पत्र्याच्या छपरावर बसवलेला, वाऱ्याने आणि आतल्या तापलेल्या हवेने विजेशिवाय फिरणारा, माळ्यावरची हवा बाहेर काढणारा पंखा. त्याच्या खोलात शिरत नाही. लिहायला बसलोय ते गळतीमुळे.

पहिल्या जोराच्या पावसात माळ्यावरच्या वाशावर ओघळ दिसला. बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने पंख्याच्या बुडाभोवती सिलिकॉनचा आणखी एक थर फिरवला आणि "आता थेंब येणार नाही" म्हणून गेला. पुढच्या सरीला परत ओघळ. परत फोन, परत सिलिकॉन. वर त्याचं म्हणणं असं की आडवा पाऊस पात्यांतून आत येतो, तेवढं चालायचंच. मला ते पटेना. पंख्याच्या बरोबर खालची फळी कोरडी होती. पाणी येत होतं ते पंख्यासाठी पत्र्यात पाडलेल्या भोकाच्या वरच्या, आढ्याकडच्या काठावरून.

सगळी मेख तिथेच आहे. पत्र्यावरचं पाणी पन्हळींतून खाली धावतं आणि भोकामुळे त्या पन्हळी मधेच तुटतात. पंख्याखालच्या प्लेटची वरची कड पत्र्याच्या नुसती वर ठेवली, तर येणारं पाणी तिला अडून साचतं आणि सगळी भिस्त सिलिकॉनवर येते. पत्रा उन्हात पसरतो, रात्री आकसतो. रोजच्या त्या ओढाताणीत सिलिकॉन कधी ना कधी सुटणारच. म्हणून प्लेट थेट आढ्यापर्यंत नेऊन तिथल्या टोपीपत्र्याखाली (आढं झाकणाऱ्या पत्र्याखाली) सरकवायची आणि खालची कड मात्र पत्र्याच्या वर घ्यायची. मग पाणी आपसूक वरून निघून जातं. हे करायला बसवणाऱ्याने जादा पैसे मागितले. मी दिले नाहीत. भोक त्याने पाडलं, ते कोरडं ठेवणं हे त्याच कामात आलं. बऱ्याच वादावादीनंतर त्याने लांब प्लेट बसवली आणि त्यानंतरच्या मुसळधार पावसातही वासा कोरडा राहिला. ग्राइंडरने कापताना उडालेला लोखंडाचा कीस मात्र त्याने पत्र्यावर तसाच सोडला होता. तिथे आता तांबूस ठिपके उमटलेत. काम संपलं की पत्रा झाडून घ्यायला लावा.

आता पंख्याविषयी. उन्हाळ्यात माझं मत वाईट होतं. दिवसभर गरागरा फिरायचा, पण माळ्यावर भट्टी ती भट्टीच. शेवटी खालच्या खोलीत, माळ्याच्या झडपेच्या फटीशी पेटती उदबत्ती धरून पाहिली. धूर सरळ फटीत ओढला गेला. म्हणजे पंखा ओढत होता, पण घरातली हवा! वळचणीच्या फटी पाखरं शिरू नयेत म्हणून पूर्वीच फोमने बुजवलेल्या होत्या, आणि बसवणाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. फोम काढून जाळी बसवली आणि माझं मत बदललं. आता ऊन उतरलं की माळा लवकर निवतो, ट्रंका उघडल्यावर येणारा कोंदट वास गेलाय, आणि रात्री खालच्या खोलीचं छत पूर्वीसारखं तापलेलं लागत नाही. वारा पडला तरी पंखा हळूहळू फिरतो, कारण तापलेली हवा वर चढतेच.

वरून हवा जायची तर खालून तेवढी यायला हवी, हे बसवणारे बोलत नाहीत. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत हवा जाण्यायेण्यासाठी माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा मागतात. ती वर आणि खाली नीट विभागली असेल तर काही अटींवर १/३०० चालते. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या माळ्याला कमीत कमी एक चौरस फूट, आणि त्यातली साधारण निम्मी वळचणीत. जाळीच्या तारा जागा खातात, तेव्हा फट त्याहून मोठी ठेवा.

आवाजाची तक्रार नाही. उतारावर पंख्याखालची मान फिरवून पंखा ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, बसवला आहे ना, एवढं बघून घ्या. तिरका राहिला तर बेअरिंग झिजतं.

भर दुपारी पत्र्यातून खाली येणारी धग मात्र पंख्याने थांबत नाही. हवा बदलून ती फारशी कमी होत नाही. त्यासाठी पत्र्याखाली इन्सुलेशन हवं आणि पुढच्या उन्हाळ्याआधी ते करून घेणार आहे. बसवणारा दुसरा पंखा घ्या म्हणतोय. घेणार नाही; वळचणीतून येणारी हवा एकाच पंख्यापुरती आहे.